बसून म्हटलेलं गाणं

27 जानेवारीची सकाळ. आदल्या दिवशीची जिलेबी फ्रीजमध्ये चिवट होऊन पडली होती आणि सोसायटीच्या गेटवरच्या तिरंगी पताका गार वाऱ्यात फडफडत होत्या. नाशिकची जानेवारीतली थंडी अशी, की उन्हाची पट्टी जिकडे सरकेल तिकडे घरातली म्हातारी माणसं खुर्चीसकट सरकतात. आई गॅलरीत त्या पट्टीत बसली होती. पंच्याऐंशीची आहे. दोन्ही गुडघे गेलेत, त्यामुळे एकदा बसली की उठायचा बेत तासाभराने. मांडीवर सूप, सुपात मटाराच्या शेंगा, शेजारी स्टुलावर पातेलं. शेंग दाबली की फट् होते, अंगठ्याने ओढले की दाणे टपटपतात. त्या टपटपीवर ती काहीतरी गुणगुणत होती. मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, पण ओळखायला वेळ लागला, कारण सुरुवात गाळून तिने मधूनच धरलं होतं. 'तव शुभ नामे जागे'पासून. शब्द नव्हतेच, नुसता 'हं हं'. चाल मात्र स्वच्छ, आणि बँड वाजवतो त्याच्या निम्म्या गतीने. एखादी ओवी वाटावी अशी.

तेवढ्यात माझा नातू धावत आला. सात वर्षांचा, जोडून सुट्टी मिळाली म्हणून पुण्याहून आलेला. गॅलरीच्या दारात त्याला एकदम ब्रेक लागला. टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले. "मोठी आजी, उभी राहा! बसून नाही म्हणायचं ते. आमच्या बाई रागावतात." आईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "बरं बाबा," म्हणाली आणि गप्प झाली. हा थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग ज्याच्यासाठी उभं राहायचं तेच संपलंय हे लक्षात आल्यावर सैल पडला आणि निघून गेला.

मटार पातेल्यात पडत राहिले. नुसतेच.

घटना एवढीच. पण ती मला चपलेत शिरलेल्या खड्यासारखी टोचत राहिली. पोराचं चुकलं म्हणावं तर त्याने शिकवलं तेच केलं होतं. राष्ट्रगीत गायलं किंवा वाजवलं जात असेल तेव्हा सावधान उभं राहावं, हा नियम मीही कधी मोडलेला नाही. आणि आईने तरी काय केलं? एक गाणं तिला येतं, ते तिच्या ओठांवर आलं. मटार सोलताना माणूस अभंग म्हणतं, नाट्यगीत म्हणतं, सिनेमातलं म्हणतं. एवढं एकच गाणं असं, की जे सगळ्यांना पाठ आहे आणि जे काम करता करता कुणी म्हणत नाही. मी आठवून पाहिलं. सगळ्या आयुष्यात मी ते अंघोळ करताना म्हटलेलं नाही, स्कूटरवर म्हटलेलं नाही, मुलीला झोपवताना म्हटलेलं नाही. म्हणजे मला ते गाणं म्हणून माहीतच नाही की काय?

शाळेत माझी जागा रांगेत सहावी होती. पायाखाली मुरूम, समोरच्या मुलीच्या वेणीची लाल रिबीन, आणि लाऊडस्पीकरची ती घरघर, जी गाण्याच्या आधी सुरू होऊन गाण्याच्या नंतर संपायची. बावन्न सेकंदांत मी कितीतरी गोष्टी केल्या आहेत. गृहपाठाची बेरीज मनात केली आहे, शिंक दाबली आहे, गालावरची माशी न हाकलण्याचा पराक्रम केला आहे. 'द्राविड उत्कल बंग' आलं की निम्मं संपलं, हे घड्याळ प्रत्येकाच्या अंगात होतं. 'गाहे तव जयगाथा'चं आम्ही सर्रास 'गाये' करायचो. आईच्या वर्गाची कथा त्याहून पुढची. ती 1950 साली चौथीत होती, जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यातून चालत शाळेत जायची. तोवर शाळेत 'वंदे मातरम्' व्हायचं. मग एक दिवस बाईंनी फळ्यावर नवं गाणं लिहिलं आणि सांगितलं, आता हेही पाठ करायचं. 'उच्छल जलधितरंग' कुणाच्याही तोंडात बसेना. जलधि म्हणजे समुद्र हे पोरांना काय ठाऊक. सगळी 'जल्दी तरंग' म्हणायची. लाटा घाईत आहेत, असा अर्थ लावून.

त्याच वर्गात नुकतीच आलेली एक सिंधी मुलगी होती. मराठी तिला येत नव्हतं, त्यामुळे ती दिवसभर मुकी असायची. पण या गाण्यात 'पंजाब सिंध' आलं की ती 'सिंध' एवढाच शब्द इतक्या मोठ्याने म्हणायची, की पुढच्या रांगेतल्या मुली वळून बघायच्या. आई म्हणते, आम्ही हसायचो. ती मुलगी ज्या मुलखातून आली तो तोवर दुसऱ्या देशात गेला होता, गाण्यात मात्र जागच्या जागी होता. आज आईला हसल्याचं वाईट वाटतं, असं ती म्हणत नाही. पण ही गोष्ट ती दर दोन-तीन वर्षांनी सांगते आणि दर वेळी 'हसायचो'पाशी थांबते.

मला गाणं म्हणून ते भेटलं ते फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर. कुणीतरी पाचही कडव्यांचं बंगालीतलं गायन पाठवलं होतं. एक बाई, जवळजवळ साथीशिवाय, अगदी संथ. पहिली प्रतिक्रिया लाजेची होती: आपण कुणाची तरी प्रार्थना दाराआडून ऐकतो आहोत की काय. तिसऱ्या कडव्यात चढउतारांचा रस्ता येतो, युगानुयुगे त्यावरून धावणारे यात्रेकरू येतात आणि रात्रंदिवस घुमणारी रथाची चाकं येतात. नाशिकच्या माणसाला यात्रेकरू म्हटलं की वेगळं चित्र डोळ्यांपुढे उभं करावं लागत नाही. डोक्यावर गाठोडं, हातात पोर, आणि 'गंगा कुठंय हो?' ही विचारणा. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. चौथ्या कडव्यात तर काळोखी रात्र आहे, पीडित, मूर्च्छित देश आहे आणि त्याला मांडीवर घेणारी आई आहे. मूर्च्छित देशापुढे सावधान उभं कसं राहणार? तिथे बसावंच लागेल. बहुधा म्हणूनच ती कडवी गळली असावीत, असं मला उगाच वाटतं. खरं कारण साधं आहे. पाच कडवी उभ्याने कोण म्हणणार?

काँग्रेसचं कलकत्त्याचं अधिवेशन, 27 डिसेंबर 1911, दुसरा दिवस. तिथे हे पहिल्यांदा गायलं गेलं, तेही सभेच्या सुरुवातीची एक प्रार्थना म्हणून. त्याच दिवशी पंचम जॉर्ज बादशहाच्या स्तुतीचं एक हिंदी गाणंही झालं आणि इंग्रजी वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी दोहोंची खिचडी केली. त्या खिचडीचा वास अजून जात नाही. दर ऑगस्टमध्ये कुणीतरी तो अग्रलेख-छाप संदेश पाठवतंच. रवींद्रनाथांना 1937 साली पत्र लिहून सांगावं लागलं, की भारताचा तो भाग्यविधाता कुठलाही जॉर्ज असणं शक्य नाही. त्या अधिवेशनाच्या पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1912 मध्ये, 'तत्त्वबोधिनी पत्रिके'त ते छापून आलं, ब्रह्मसंगीत, म्हणजे ब्राह्मो समाजाचं प्रार्थनागीत म्हणून. पुढे कित्येक वर्षं त्याचं विशेष काही झालं नाही. 1919 साली रवींद्रनाथ आंध्रातल्या मदनपल्लीला गेले, तिथल्या कॉलेजात त्यांनी ते गाऊन दाखवलं, प्राचार्यांच्या पत्नी मार्गारेट कझिन्स यांनी त्याचं पाश्चात्त्य पद्धतीने स्वरलेखन केलं, आणि त्या कॉलेजातल्या मुलांनी ते रोजच्या प्रार्थनेत घेतलं. मला हा प्रसंग फार आवडतो. देशाचं वगैरे काही नाही. एका छोट्या गावातल्या पोरांना एक गाणं आवडलं आणि ती ते रोज म्हणायला लागली.

मग 1942 साली हॅम्बुर्गमध्ये, सुभाषबाबूंच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेच्या समारंभात, जर्मन वादकांनी ते वाजवलं. 1947 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारताच्या मंडळींकडे तुमचं राष्ट्रगीत द्या, अशी मागणी झाली. देश नवा, ठरलेलं काहीच नाही. कुणाकडे तरी या गाण्याची तबकडी होती, ती दिली. तिथल्या वाद्यवृंदाने सराव करून वाजवलं आणि लोकांना ते आवडलं. पाहुणे दारात आल्यावर घरात असेल ते ताटात वाढावं आणि त्यांनी बोटं चाटावीत, तसं. नेहरूंनी 25 ऑगस्ट 1948 ला संविधान सभेत हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा भर शब्दांपेक्षा चालीवर होता. बँडवर बसली पाहिजे, परदेशात वाजवता आली पाहिजे. आपल्याकडे पुण्याचे गायक-संगीतकार मास्टर कृष्णराव त्याच सुमारास 'वंदे मातरम्'साठी झिंझोटी रागातली चाल घेऊन दिल्लीच्या वाऱ्या करत होते, बँडवर बसते हे प्रत्यक्ष वाजवून दाखवत होते. ते वाचताना मला दर वेळी वाटतं, या गृहस्थांना त्यांच्या पदरच्या पैशाने आणि पदरच्या सुरांनी हे का करावंसं वाटलं असेल. चाल जिंकली नाही. पण माणूस आपला, म्हणून हळहळ उरते.

शेवटी 24 जानेवारी 1950. संविधान सभेची अखेरची बैठक. राजेंद्रप्रसादांनी एक निवेदन केलं: 'जन गण मन' हे राष्ट्रगीत, आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान. ठराव नाही, मतदान नाही. टाळ्या झाल्या, सह्या झाल्या, शेवटी दोन्ही गीतं झाली. अडतीस वर्षांचा प्रवास आणि शेवटी पाच ओळींचं निवेदन. आधी संसार, मग लग्नाची नोंदणी, असा हा प्रकार.

हे सगळं घडलं ते कलकत्ता, मदनपल्ली, न्यूयॉर्क, दिल्लीला. आमच्या नाशकात ज्या गाण्यांसाठी माणसं तुरुंगात गेली ती गाणी वेगळी. आईच्या वाड्यापासून जवळच तिळभांडेश्वराची गल्ली. कवी गोविंद तिथले. गोविंद त्र्यंबक दरेकर. आधी लावण्या रचणारे, मग सावरकर बंधूंच्या मित्रमेळा या क्रांतिकारी संघटनेत येऊन स्वातंत्र्याची पदं रचू लागलेले. 'रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले' त्यांचं. ते पद मेळ्यांतून गल्लोगल्ली गेलं, लोकांनी ते पाठ केलं, सरकारने वाचलं. त्यांच्या पदांची पुस्तिका छापली म्हणून बाबाराव सावरकरांवर नाशकातच खटला झाला आणि जून 1909 मध्ये त्यांना जन्मठेप, काळं पाणी झालं. गाण्याचं पुस्तक छापल्याबद्दल अंदमान. त्याआधी 1906 च्या दसऱ्याला सीमोल्लंघनाहून परतताना 'वंदे मातरम्'चा घोष केला म्हणूनही इथे खटला झाला होता. दोन शब्दांचा घोष. आज शाळेत ते शब्द म्हणायला पोरं कंटाळतात आणि तेव्हा ते म्हटले म्हणून वकील द्यावा लागत होता.

आणि गंगेपलीकडे पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्कर. लाहोर, मुंबई करून उत्तरायुष्यात ते इथे रामनामाचा आश्रम काढून राहिले. काँग्रेसच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' गावं ते त्यांनीच, असा शिरस्ता होता. 1923 साली काकीनाड्याला अध्यक्षांनी संगीताला हरकत घेतली, तरी बुवांनी गाणं पुरं केलंच. लहानपणी रामकुंडावर संध्याकाळी जायचो तेव्हा आजोबा हात पलीकडे करून सांगायचे, तिकडे पलुस्कर बुवा राहायचे. मला तेव्हा फक्त समोरचा भेळवाला दिसायचा.

पण कवी गोविंदांबद्दलची एक गोष्ट मला नेहमी माहीत होती आणि तिचा अर्थ मात्र त्या 27 जानेवारीला रात्री पाठ टेकल्यावर लागला. ते पायांनी अधू होते. लहानपणीच्या आजारात दोन्ही पाय गेले होते. ज्यांच्या पदांनी अख्खं नाशिक उठून उभं राहिलं, त्यांना स्वतःला उभं राहता येत नव्हतं. ती सगळी गाणी बसून रचलेली, बसून म्हटलेली आहेत. कुणी आलं असेल त्यांच्या खोलीच्या दारात, टाचा जुळवून, उभे राहा म्हणणारं? नसणार. तेव्हा ती नुसती गाणी होती, आणि पोलीस मागावर होते.

'रणावीण' राष्ट्रगीत कधी होणार नव्हतंच, हे मला कळतं. ते पद भांडायला निघालेलं आहे, समोर कुणीतरी लागतो. तो गेला की पद म्हणणाऱ्याने करायचं काय? फ्रान्सचं गाणं मात्र याला अपवाद. 1792 साली एका रात्रीत लिहिलेलं, रक्तामांसाचं. 1795 मध्ये मान मिळाला, मग राजे येताच गेला, 1879 मध्ये पुन्हा मिळाला. बांगलादेशाची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. बंगालच्या फाळणीच्या वेळचं रवींद्रनाथांचंच ते गाणं, पण चाल गगन हरकऱ्याच्या बाऊल गाण्याची. हरकरा म्हणजे डाक वाहणारा. एक पोस्टमन रस्त्याने चालता चालता गात होता, त्याच्या सुरावर आज एक देश उभा राहतो. श्रीलंकेचा कवी आनंद समरकोन याच्या नशिबी उलटं आलं: त्याच्या गीताची पहिली ओळ अपशकुनी ठरवून 1961 मध्ये सरकारने बदलली, त्याला ते सोसलं नाही, पुढच्या वर्षी त्याने जीव दिला. गाणं देशाचं झालं की ते कवीचं राहत नाही, हे त्याला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं. किंवा नसेलच समजावता येत.

मी स्वतः एक गाणं असं हातातून जाताना पाहिलं आहे. 'जय जय महाराष्ट्र माझा.' राजा बढे, श्रीनिवास खळे, शाहीर साबळे. आमच्या पिढीने त्यावर लेझीम खेळली आहे, सहलीच्या एसटीत घसा फोडला आहे. त्यात नद्यांची नावं येतात आणि त्या ओळीत शेवटी गोदावरी येते. तिथे पोहोचलं की नाशिकच्या बसमध्ये एक जादा आरोळी उठायची, ठरलेली. फेब्रुवारी 2023 मध्ये ते राज्यगीत झालं, दोन कडव्यांचं. त्यानंतर काही महिन्यांनी मी गावातल्या एका छोट्या सभागृहात पुस्तक प्रकाशनाला गेले होते. सुरुवातीला ते लावलं. पुढच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. मागचे काही बसले होते, ते बघून उठले. एक गृहस्थ अर्धे उठून अर्धे बसले आणि तसेच राहिले. डफ सुरू झाला आणि सवयीने सगळ्यांचे हात टाळीसाठी पुढे आले. साठ वर्षांची सवय. दोन-तीन टाळ्या पडल्याही. मग आजूबाजूला पाहून हात हवेतच थांबले, आणि एकेक करून खाली, मांडीला चिकटले. माझेही. गोदावरीचं नाव आलं आणि गेलं. कुणी आरोळी दिली नाही.

मला अभिमान वाटला होता, हे खरं. आणि काहीतरी हरवल्यासारखंही वाटलं होतं, तेही खरं. घरातलं एखादं पोर कलेक्टर होऊन आलं की त्याला 'अरे' म्हणताना जीभ अडखळते, तसं काहीसं.

सिनेमागृहांचंही असंच. आई सांगते, विजयानंदला शेवटचा खेळ सुटताना राष्ट्रगीत लागायचं आणि लोक टांगा गाठायला पळायचे. दाराशी कुणी हटकलं तर जागच्या जागी पुतळे व्हायचे. आपल्या राज्यात 2003 पासून ते सिनेमाच्या आधी आलं. मग 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर सक्तीचं केलं, 2018 च्या जानेवारीत सक्ती काढली. त्या मधल्या काळात मी पॉपकॉर्नचा पुडा छातीशी धरून उभी राहिले आहे आणि शेजारचा उभा आहे की नाही हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलंही आहे. ते पाहिल्याची लाज मला गाण्यापेक्षा जास्त वेळ पुरली. त्याच न्यायालयाने 1986 साली केरळातल्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं होतं. ती धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, पण आदराने उभी राहत. उभं राहून न गाणाऱ्यांची सोय झाली म्हणायची. बसून गाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न कुणी नेलाच नाही तिथवर.

मी आईला विचारलं, तू मध्येच का थांबलीस? ती म्हणाली, "पोराचं मन मोडायचं का? आणि मला खरंच उठता येत नव्हतं." मग जरा वेळाने, "अण्णा पेटी शिकले ना, तेव्हा हेच पहिलं बसवलं होतं. सा रे ग ग ग ग. सोप्पं आहे. दिवसभर तेच. त्यांचं ऐकून ऐकून माझ्या अंगात बसलं." अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. जाऊन बारा वर्षं झाली. ते गाणं तिला शाळेतून आलंच नव्हतं तर. शाळेतून आले ते शब्द, आणि तेही जल्दी तरंगासकट.

मे महिन्यात नातू पुन्हा आला. या वेळी बरोबर छोटा कीबोर्ड होता, वाढदिवसाला मिळालेला. दुपारी झोपेच्या वेळी त्याचा तो किनरा आवाज सुरू झाला. सा रे ग ग ग ग. मी दचकून आईच्या खोलीत पाहिलं. ती पलंगाच्या कडेला बसून चिंचा फोडत होती, समोर वर्तमानपत्र, त्यावर चिंचोक्यांचा ढीग. हा जमिनीवर मांडी घालून वाजवत होता. बसून. दोन ओळी झाल्या आणि त्याच्या ते लक्षात आलं. हात थांबला. त्याने आईकडे पाहिलं, तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. काहीतरी हिशोब झाला असावा. उठला, कीबोर्ड उचलून टेबलावर ठेवला आणि उभा राहिला.

"तू बस, मोठी आजी. तुझ्या वाटचा मी उभा राहतो."

आणि वाजवायला लागला. 'विंध्य हिमाचल'पाशी बोट चुकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच चुकलं. आईने चिंचेवरून नजर न काढता तो सूर गुणगुणून दिला, जरा वरचा. त्याने पट्टीवर शोधला. सापडेना. तिने परत दिला.

"हां, तोच," ती म्हणाली. "आता पहिल्यापासून घे. सावकाश."